पहिलं व्हायोलिन: साडेचार हजारांचं घ्यावं की सर म्हणतात ते?

तळेगावकरीण:
लेक नऊ वर्षांची. गॅदरिंगला कुणाचं तरी व्हायोलिन ऐकलं आणि तेव्हापासून फूटपट्टी खांद्याला लावून वर खराट्याची काडी फिरवणं चालूय. जूनपासून क्लास लावतेय, हिंदुस्थानी, मांडी घालून वाजवायचं. सर म्हणाले बारा-पंधरा हजार धरून चला. ऑनलाइन साडेचारात केस (म्हणजे ठेवायची पेटी), गज (बो), त्याच्या केसांना घासायची राळ, सगळ्यासकट मिळतंय. नवऱ्याचं म्हणणं, कीबोर्ड माळ्यावर गेला, स्केट्स माळ्यावर गेले, तिथे अजून एकाला जागा आहे पण साडेचार हजारांच्याच! मला पटतंय खरं तर. काय करू?

बारा_गावचं_पाणी:
नवरा बरोबर आहे, विषय संपला. पोरं सहा महिन्यांत कंटाळतात हे सगळ्यांना माहितीय फक्त क्लासवाले बोलत नाहीत. माझा मामा यूपीतल्या रामपूरला बनलेल्या साध्या व्हायोलिनवर वर्षानुवर्षं वाजवायचा, भजनी मंडळात त्याच्याशिवाय पान हलायचं नाही. आणि व्हायोलिनवादक व्ही. जी. जोगसाहेब १९२२ साली वाईला जन्मले, त्यांच्या घरच्यांनी काय आधी ब्रँड बघितले असतील का? हात चांगला असला की लाकूड बोलतं.

खुंटीपिळ्या:
जोगसाहेबांना मधे आणू नका हो, इथे नऊ वर्षांच्या पोरीचं चाललंय.
आम्ही घेतलंय असलं स्वस्तातलं, म्हणून सांगतो. तारा पिळायच्या खुंट्या थांबतच नाहीत, सूर लावला की कर्रर्र करून तार ढिली, अर्ध्या तासाच्या रियाजातली वीस मिनिटं पिळण्यातच जायची (आयडी तिथूनच आलाय). घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) एवढी उंच की बोटं दाबायच्या पट्टीच्या टोकाला तारेखालून पेन्सिल जाईल, मुलाच्या बोटांना चरे पडायचे. आणि ती काळी पट्टी, जी शिसवी असल्यासारखी दिसते, तो नुसता रंग होता, दोन महिन्यांत बोटांखालून पांढरं लाकूड डोकवायला लागलं. पण मेन प्रॉब्लेम वेगळाच. गिटारला पडदे असतात, इथे नाहीत, सूर कुठे आहे ते पोराने कानानेच शोधायचं. वाद्यच घसरत असेल तर त्याला वाटतं आपलंच चुकतंय. कंटाळतात म्हणता ना, निम्मी त्यानेच कंटाळतात.

बारा_गावचं_पाणी:
निम्मी हा आकडा कुठून आणला?

खुंटीपिळ्या:
आमच्या घरात दोन पोरं, एकाने सोडलं. झाली निम्मी.

मडगांवकार:
दोघेही किमतीवर भांडताय, साइझ कुणी विचारलाच नाही. नऊ वर्षांच्या मुलीला बहुतेक अर्धं लागेल, हात लांब असेल तर पाऊण. व्हायोलिन खांद्यावर ठेवून डावा हात पुढे लांब करायचा, व्हायोलिनच्या डोक्याच्या (खुंट्यांपुढच्या टोकाच्या) वळणाभोवती बोटं आरामात वळली पाहिजेत, ताणावी लागली तर मोठं आहे. बसून वाजवताना ते डोकं उजव्या घोट्यावर टेकतं, त्यामुळे फायनल माप सरांनाच घेऊ द्या. दीड-दोन वर्षांत ते लहान होणारच, मग नवं कशाला? जुनं घ्या. आमच्या गोव्यात चर्चच्या शाळांमधून पिढ्यान् पिढ्या पोरं व्हायोलिन शिकली, त्यातली कितीतरी पुढे मुंबईला फिल्म लाइनच्या ऑर्केस्ट्रात गेली. आमच्या घरी आजोबांच्या वेळी एकच होतं, चार भावंडांत फिरायचं. हजार-दीड हजार कारागिराला देऊन घोडी तासून घ्या. पूर्ण साइझला पट्टीच्या टोकाशी बारीक तार साधारण ३ मिमी वर हवी, जाड तार ५ च्या आसपास, छोट्याला त्याहून कमी. आणि चारी तारांना फाइन ट्यूनर (सूर थोडा वर-खाली करायचे छोटे स्क्रू) लावून घ्या, खुंटी पिळायला पोरीच्या मनगटात जोर कुठे असतो.

सुपारी_फुटली:
घोडी तासण्याला +१. पण नवशिक्यांनो, चारी तारा एकदम सोडू नका! मी पुसायला म्हणून सोडल्या, घोडी आडवी झाली आणि आतली काडी (साउंड पोस्ट) पडली, मग डबा हलवला की खुळखुळा. आणि नवीन गज तारांवरून फिरवला तर आवाजच येत नाही, राळ घासावी लागते, तीही गुळगुळीत असते म्हणून आधी पॉलिशपेपरने खरवडायची. हे माहीत नसल्याने आम्ही 'डिफेक्टिव्ह पीस' म्हणून परत पाठवायला पॅक केलं होतं.

बारा_गावचं_पाणी:
म्हणजे स्वस्तातलं वाईट नव्हतंच, राळ नव्हती. हेच तर म्हणतोय मी.

सुपारी_फुटली:
राळ लावल्यावर आवाज आला, मग वाटलं आधीचंच बरं होतं :)

तळेगावकरीण:
सगळ्यांचे आभार. काल सरांकडे जाऊन आलो. माप अर्ध्याचंच निघालं. त्यांच्या एका विद्यार्थिनीला तिचं लहान झालंय, सहा हजार म्हणतायत, घोडी वगैरे करून दिलेली आहे. लेकीने तिथेच बसून मोकळी तार ओढली, म्हैस हंबरल्यासारखी, पण तोंड बघायला हवं होतं तिचं. नवरा मात्र विचारतोय, अर्धं आहे तर निम्म्या किमतीत का नाही?

बारा_गावचं_पाणी:
रास्त प्रश्न आहे. घासाघीस करा, आणि गजाचे केस किती झडलेत ते बघून मग पैसे द्या. मत माझं तेच आहे.