मदत हवी आहे: ओळखपत्रं बनवणाऱ्या आमच्या छोट्या कंपनीत गुंतवणूकदार यायला तयार आहे, पण एक अट गळ्याखाली उतरत नाही

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस इथे वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. लांबलंय जरा, पण अर्धवट सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही.

आम्ही अकरा जण मिळून चिपवाली ओळखपत्रं बनवतो. तांत्रिक बाजू माझ्याकडे, विक्री आणि हिशेब भागीदाराकडे. पासपोर्टसारखी मोठी सरकारी कामं आमच्याकडे नाहीत. कारखाने, रुग्णालयं, विद्यापीठं, प्रयोगशाळा अशी गिऱ्हाइकं आहेत. कार्ड पॉलिकार्बोनेटचं. त्याचे थर उष्णतेने आणि दाबाने असे एकजीव होतात की नंतर सोलता येत नाहीत. फोटोही वर छापलेला नसतो, लेझरने आतला थर काळा करून उमटवलेला असतो. नखाने, ब्लेडने कितीही खरवडलं तरी कार्ड खराब होईल, फोटो बदलता येणार नाही.

चिपमध्ये माणसाची माहिती असते आणि त्या माहितीवर आमच्या किल्लीने, म्हणजे एका गुप्त आकड्याने, केलेली डिजिटल सही. शिवाय प्रत्येक चिपची स्वतःची एक खाजगी किल्ली असते, ती चिपबाहेर कधीच येत नाही. दारावरचा रीडर चिपला कुठलातरी नवा आकडा पाठवतो, चिप त्यावर सही करून देते, रीडर ती तपासतो आणि दार उघडतं. सगळं तिथल्या तिथे. नेटवर्क गेलं तरी काम थांबत नाही. आणि कोण, कुठे, किती वाजता कार्ड दाखवून गेलं हे आमच्यापर्यंत पोचतच नाही. संस्थेने स्वतःची नोंद ठेवावी, तो तिचा प्रश्न. आमच्याकडे ती येऊ नये अशीच रचना आहे आणि ती आम्ही दोघांनी पहिल्या दिवशी ठरवून केलेली आहे.

अडचण पैशाची आहे. चिपा मोठ्या लॉटमध्येच घ्याव्या लागतात, पैसे आधी भरावे लागतात, माल काही महिन्यांनी येतो. गिऱ्हाईक मात्र कार्डं हातात पडल्यावर साठ-नव्वद दिवसांनी बिल देतं. मधला सगळा काळ आमच्या खिशातून. २०२१ च्या चिपटंचाईत एक चांगली ऑर्डर अशीच गेली. कार्डांची छापलेली शीटं कपाटात रचून ठेवली होती आणि आत बसवायला चिपच नव्हती. ती शीटं मी अजून टाकलेली नाहीत.

आता एका फंडाने रस दाखवलाय. तीन बैठका झाल्या. तिसऱ्या वेळी त्यांचा माणूस आमच्या कामाच्या जागी आला. मी त्याला कार्ड वाकवून पाहण्याचं मशीन दाखवलं. ते कार्ड लांबीकडून, रुंदीकडून, उलटं-सुलटं हजार वेळा वाकवतं आणि मग चिप बोलते का ते आम्ही बघतो. त्याने ते संपेपर्यंत शेजारी उभं राहून पाहिलं, प्रश्न चांगले विचारले. मला माणूस आवडला. मग टेबलाशी बसल्यावर त्याने विचारलं, "दिवसाला एकूण किती पडताळण्या होतात? त्याचा डॅशबोर्ड दाखवा." मी म्हटलं, आमच्याकडे ती माहिती नाही, येतच नाही. त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुमच्या कंपनीत विकत घेण्यासारखं नेमकं काय आहे?"

दहा दिवसांनी टर्म शीट, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा प्राथमिक कागद, आला. हिस्सा एक तृतीयांशाहून थोडा कमी, त्यावर माझा आक्षेप नाही. पण अटी अशा: दीड वर्षात प्रत्येक पडताळणी आमच्या सर्व्हरवरून जायला हवी. प्लास्टिकची कार्डं हळूहळू बंद करून फक्त मोबाइल वॉलेट. तपासणीसाठी त्यांच्या लोकांना 'सर्व प्रणालींमध्ये संपूर्ण प्रवेश', ज्यात आमच्या सहीच्या किल्ल्या ठेवलेली खोलीही आली. आणि ४५ दिवस दुसऱ्या कोणाशी बोलायचं नाही.

भागीदार म्हणतो सही करू, नंतर बघू. त्याचंही खोटं नाही. दोन महिने त्याने स्वतःचा पगार उचललेला नाही, आणि कामगारांचे पगार कसे भागवायचे हे महिन्याच्या २५ तारखेला त्यालाच मोजावं लागतं. पण रुग्णालयातली नर्स रात्री कुठल्या वॉर्डात किती वेळा गेली हे आम्ही साठवायला लागलो, तर मग आम्ही वेगळीच कंपनी झालो.

मला विचारायचंय ते असं. ही माहिती न साठवता कंपनीची किंमत कोणाला पटवून देता आली आहे का, आणि कशी? किल्ल्यांच्या बाबतीत तपासणीला किती दाखवायचं? हिस्सा न देता चिपांपुरता पैसा उभा करण्याचा अनुभव कोणाला आहे का?

प्रतिसाद: कुलूपकिल्ली

किल्ल्यांचं आधी सांगतो, कारण तिथे तडजोड नाही. खोलीत कोणालाही सोडू नका. तपासणीला लागतो तो पुरावा. किल्ली तयार केली त्या दिवशीचं सह्यांनिशी टिपण, कोणते साक्षीदार होते, किल्लीचे भाग किती जणांकडे आणि त्यातले किती एकत्र आले की ती वापरता येते, एचएसएम (किल्ली आत जपून ठेवणारं सुरक्षित यंत्र) कोणत्या प्रमाणपत्राचं, लॉग कोण तपासतं. हे कागद द्या आणि हवं तर बाहेरचा स्वतंत्र ऑडिटर दोघांनी मिळून नेमा. जाणकार गुंतवणूकदाराला सांगा की त्यांच्या माणसाला किल्ली दिसली, तर त्याच दिवशी ते ज्या वस्तूचे पैसे देताहेत तिची किंमत घसरली. हे त्यांना लगेच कळतं.

दुसरं, तुम्हाला त्यांनी विचारायला हवा होता तो प्रश्न त्यांनी विचारलेला दिसत नाही. चिपमध्येच दोष निघाला तर काय? २०१७ साली एस्टोनियात सरकारी ओळखपत्रांच्या बाबतीत हे झालं. चिपमध्ये किल्ल्या बनवणाऱ्या सॉफ्टवेअर लायब्ररीत दोष होता, चेक प्रजासत्ताकातल्या मासारिक विद्यापीठाच्या संशोधकांनी तो शोधला. सगळ्यांना दिसणाऱ्या सार्वजनिक किल्लीवरून गुप्त असलेली खाजगी किल्ली काढता येणं शक्य झालं होतं. सुमारे साडेसात लाख कार्डं त्या कक्षेत आली आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची प्रमाणपत्रं (किल्ली कोणाची हे सांगणारे डिजिटल दाखले) स्थगित करावी लागली. चिपला सुरक्षेचं प्रमाणपत्र मिळालेलं होतं, तरीही. त्यांना तारलं ते एका गोष्टीने: त्याच चिपमध्ये एलिप्टिक कर्व्ह या दुसऱ्या प्रकारच्या किल्ल्यांची सोय होती, म्हणून कार्ड न बदलता नवी प्रमाणपत्रं दूरवरून चढवता आली. तुमच्या कार्डांत हे करता येतं का? येत असेल तर ते पहिल्या पानावर लिहा. डॅशबोर्डपेक्षा त्याची किंमत मोठी आहे.

प्रतिसाद: जुनी_वही

करारांचं काम करते, म्हणून थोडं.

टर्म शीटमधली बहुतेक कलमं सहसा बंधनकारक नसतात, पण गुप्तता आणि 'दुसऱ्याशी बोलायचं नाही' ही दोन बहुधा असतात. म्हणजे "सही करू, नंतर बघू" म्हटलं की ४५ दिवस तुमचे हात बांधले आणि महत्त्वाची अट तशीच उभी. भागीदाराला हे एवढंच शांतपणे दाखवा. अट आधी सोडवा, सही मग.

आता तुमच्या गिऱ्हाइकांशी केलेले करार काढून बसा. पडताळणीची माहिती घेण्याचा हक्क त्यात तुम्हाला आहे का? माझा अंदाज, नाही. मग जी वस्तू तुमची नाही ती तुम्ही गुंतवणूकदाराला कबूल कशी करणार? युरोपातलं एखादं गिऱ्हाईक असेल तर २५ मे २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर हा युरोपचा माहिती-संरक्षण कायदाही आडवा येतो. ज्या हेतूने माहिती घेतली त्याबाहेर ती वापरायची नाही, आणि गरजेपेक्षा जास्त घ्यायचीच नाही. ही तत्त्वं मोडली तर दंड २ कोटी युरो किंवा जगभरच्या वार्षिक उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत, यातलं जे जास्त असेल तिथवर जाऊ शकतो. मालकी बदलली तर गिऱ्हाइकाची संमती लागेल असं कलम कुठल्या करारात आहे का, तेही बघा.

आणि शेअरहोल्डर करारात एक ओळ घालून घ्या: पडताळणीची नोंद गोळा करण्याचा निर्णय संस्थापकांच्या लेखी संमतीशिवाय होणार नाही.

प्रतिसाद: पारवा

मी थोडं दुसऱ्या बाजूने बोलतो. गुंतवणूकदाराचा प्रश्न लबाडीचा वाटत नाही. कार्ड एकदा विकलं की पैसे एकदाच येतात, आणि त्याला दरवर्षी येणारा पैसा दिसला पाहिजे. पडताळणीची संख्या हा त्याला माहीत असलेला एकच मार्ग आहे. त्याला दुसरा द्या.

तुमचं हरवलेलं कार्ड रीडरला कसं कळतं? रद्द कार्डांची यादी रीडर ठरावीक वेळाने उतरवून घेत असणार. म्हणजे माहिती तुमच्याकडून रीडरकडे जाते, उलट येत नाही. ही यादी ताजी ठेवणं, प्रमाणपत्रांचं नूतनीकरण, रीडरचे अपडेट, यांचे वार्षिक पैसे लावा. मग मोजायचा आकडा असा: आज चालू असलेली प्रमाणपत्रं किती, आणि मुदत संपल्यावर त्यातली किती गिऱ्हाइकांनी पुन्हा नव्याने घेतली. कोण कुठे गेलं याचा त्यात संबंधच नाही.

मोबाइलबद्दलही एक गफलत दिसते. त्यांनी मोबाइल आणि सर्व्हर एकाच अटीत बांधलेत, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोबाइलवरच्या वाहन परवान्याचं आयएसओ १८०१३-५ हे मानक २०२१ मध्ये आलं. त्यात फोन थेट रीडरला सही केलेली माहिती देतो, इंटरनेटशिवाय. सर्व्हरचा मार्गही त्यात आहे, पण तो घ्यायलाच हवा असं नाही. तेव्हा मोबाइलला होकार द्या, सर्व्हरला नकार. कार्डं मात्र बंद करू नका. जिथे फोन आत नेता येत नाही अशा प्रयोगशाळा तुमच्याच यादीत असतील.

चिपांच्या पैशाचं: पक्की खरेदी ऑर्डर तारण ठेवून कर्ज मिळतं का ते बघा, आणि नव्या गिऱ्हाइकाकडून चिपांपुरता आगाऊ पैसा मागा. मागायला लाजू नका. आम्ही मागितला तेव्हा तिघांपैकी दोघांनी दिला.

धागाकर्त्याचा प्रतिसाद, बारा दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही लिहिलेलं मी आणि भागीदार शेजारी बसून वाचलं. ४५ दिवसांचं कलम त्याने स्वतः परत वाचलं आणि सही आपणहून थांबवली.

करार काढले. जुनी_वही यांचा अंदाज बरोबर निघाला, एकाही करारात आम्हाला तो हक्क नाही. एका रुग्णालयाच्या करारात तर स्पष्ट मनाई आहे. ते पान मी जसंच्या तसं फंडाला पाठवलं.

चालू प्रमाणपत्रांचा तक्ता केला. हे आम्ही आजवर कधी मोजलंच नव्हतं. मुदत संपलेल्या दर दहा प्रमाणपत्रांपैकी जवळपास नऊ पुन्हा घेतली गेलीत, आणि ते काम आम्ही आजवर फुकट करत होतो. भागीदार त्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिला. कुलूपकिल्ली, प्रमाणपत्रं दूरवरून बदलण्याची सोय आमच्या नव्या कार्डांत आहे, जुन्या पहिल्या दोन लॉटमध्ये नाही. तेही लपवलं नाही, किती कार्डं आहेत ते लिहून दिलं.

फंडाचा माणूस परवा फोनवर म्हणाला, सर्व्हरची अट काढू, पण वार्षिक करार झालेले किमान तीन गिऱ्हाईक आधी दाखवा. किल्ल्यांच्या खोलीऐवजी बाहेरचा ऑडिटर त्याला चालेल. कार्डं बंद करण्यावर अजून अडून आहे.

आता जुन्या गिऱ्हाइकांकडे जायचंय. इतकी वर्षं फुकट दिलेल्या कामाचे पैसे मागायचेत. हे बोलणं कसं सुरू करावं, कोणी केलंय का?

प्रतिसाद: पारवा

केलंय. आधी ज्यांच्या जुन्या लॉटची कार्डं आहेत त्यांच्याकडे जा. दोष निघाला तर ती कार्डं दूरवरून दुरुस्त होणार नाहीत हे त्यांना स्वतः सांगा, बदलून देण्याचं वेळापत्रक हातात घेऊन. वार्षिक कराराचा कागद त्या भेटीत पिशवीतच राहू द्या. दुसऱ्या भेटीत काढा.