इंजिनिअरिंगचा 'एथिक्स' विषय : ठेवावा की काढून टाकावा?

खाडीकाठचा सिव्हिल :
मुलगी सिव्हिलला आहे, आपल्याच जिल्ह्यात. तिची एथिक्सची वही चाळली. मूल्यांचे प्रकार, व्याख्या, वर १९८६चं चॅलेंजर, ते कोसळलेलं अमेरिकन अंतराळयान : थंडीत ओ-रिंग, म्हणजे रॉकेटच्या सांध्यातल्या रबरी कड्या, दगा देतील, उड्डाण नको, असं बॉइसजॉली हा इंजिनिअर आदल्या रात्री सांगत होता. चांगलंय. पण तिवरे कुठे आहे? चिपळूण तालुक्यातलं धरण, २ जुलै २०१९च्या रात्री फुटलं, २०च्या वर माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती आणि मंत्र्यांनी खापर फोडलं खेकड्यांवर! वहीत एक ओळ नाही. इथल्या फायली समोर ठेवून शिकवणार असाल तर शिकवा, नाहीतर वेळ कशाला घालवता?

साइटवाला, मालवण :
काढूनच टाका. मीटिंगमध्ये साहेब गाऱ्हाणं घालतो, बाकीचे 'होय म्हाराजा'. नवा पोरगा म्हणाला की काँक्रीटची ताकद तपासायचा क्यूब २८ दिवसांनी मशीनवर फुटणार, रिपोर्ट आजच कसा आला, की त्याची बदली ठरलेली. डॉक्टरला कौन्सिल, वकिलाला बार कौन्सिल, आर्किटेक्टला १९७२चा कायदा. इंजिनिअरला? चुकला तर डिग्री भिंतीवर तशीच. आधी तसा कायदा आणा, मग धडे द्या.

लॅबवाली मॅडम :
मी हाच विषय शिकवते. कायदा हवा हे कबूल, पण साइटवरचं पोरगं तिथे कोरं जात नाही. टेस्टिंग मशीन बंद, तरी जर्नलमध्ये रिडिंग्ज! एक जण डायल बघतो, वीस जण उतरवतात, उरलेलं सिनियरच्या जर्नलमधून. ग्राफ सगळ्यांचा सरळ रेषेत, खाली मास्तरांची सही. खोटा आकडा लिहायची सवय आपणच लावतो आणि मग सहाव्या सेमला प्रामाणिकपणा शिकवतो. माझ्या बॅचला बिघडलेलं रिडिंग तसंच लिहिलं तर पूर्ण मार्क.

साइटवाला, मालवण :
आणि एनबीएची, कॉलेजच्या कोर्सला मान्यता देणाऱ्या बोर्डाची, कमिटी यायची म्हटल्यावर रातोरात फायली कोण बनवतं, मॅडम? त्यातसुद्धा 'एथिक्स'चा एक रकाना असतोच की.

लॅबवाली मॅडम :
बनवतात ना. आणि पोरं ते बघतात. मी दुसरं काय सांगतेय?

खाडीकाठचा सिव्हिल :
माझा मुद्दा तिथेच येतो. आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटचं भारतीय मानक, सांगतो, उघड्या किनारी हवेत आरसीसीला किमान एम३० ताकदीचं काँक्रीट आणि सळीवर ४५ मिमी कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर. आपल्याकडे बंगल्याला कोण ठेवतं? सळी गंजून फुगते, स्लॅबचे पोपडे पडतात, दोष खाऱ्या हवेला. परीक्षेत व्याख्या विचारण्यापेक्षा हे विचारा : मालक म्हणतो, 'शेजाऱ्याने कव्हर २५ मिमी ठेवलंय, तुम्हीही तेवढंच ठेवा.' ड्रॉइंगवर सही तुमची. कोणाला काय लिहून द्याल?

साइटवाला, मालवण :
आणि लिहून दिल्यावर पुढचं काम कोण देणार, तेही विचारा. त्यालाच जास्त मार्क ठेवा.