मोनोक्लोनल अँटीबॉडी : बाबांच्या कॅन्सरवर आणि भाच्याला कुत्रा चावल्यावरही? मदत हवी आहे

नमस्कार. मागच्या आठवड्यात माझ्या सहा वर्षांच्या भाच्याच्या पोटरीला गल्लीतला भटका कुत्रा चावला. नळाखाली साबणाने जखम धुऊन झाल्यावर डॉक्टरांनी आधी त्याचे वजन केले, मग दंडात रेबीजची लस दिली आणि दुसऱ्या सिरिंजमधले औषध थोडे थोडे करून जखमेत व तिच्याभोवती टोचले. त्या खोक्यावर ‘मोनोक्लोनल अँटीबॉडी’ हे शब्द वाचताच बहीण घाबरली. "दादा, हे तर बाबांचं कॅन्सरचं औषध ना?"

बाबांना लिम्फोमा या पांढऱ्या रक्तपेशींच्या कॅन्सरसाठी रिटुक्सिमॅब दिले होते. शेवटची मात्रा चार महिन्यांपूर्वी झाली. मी वाचले त्यावरून ‘मोनोक्लोनल अँटीबॉडी’ हे नाव औषध कशावर चालते ते सांगत नाही, ते कसे तयार झाले एवढेच सांगते. एकाच पेशीच्या वंशावळीतून आलेली, म्हणून तंतोतंत सारखी असलेली प्रतिपिंडे (ठरावीक लक्ष्याला चिकटणारी प्रथिने, म्हणजेच अँटीबॉडी) म्हणजे मोनोक्लोनल अँटीबॉडी. प्रतिपिंडे बनवणारी पेशी शरीराबाहेर फार काळ जगत नाही, म्हणून १९७५ मध्ये केंब्रिज येथे कोहलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी तिचा संयोग न मरणाऱ्या मायलोमा पेशीशी, म्हणजे चक्क कर्कपेशीशी, घडवून आणला. (१९८४ च्या नोबेलमध्ये दोघांचाही वाटा होता.) रिटुक्सिमॅब बी पेशींवरच्या (या एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) ‘सीडी२०’ या प्रथिनाला चिकटते, तर भाच्याला दिलेले औषध रेबीजच्या विषाणूवरील प्रथिनाला. इथवर माझे काही चुकत असल्यास कृपया दुरुस्त करावे.

आता शंका. लशीमुळे शरीर स्वतःची प्रतिपिंडे बनवेपर्यंत आठवडाभर किंवा अधिक काळ जातो आणि तोवर ही तयार प्रतिपिंडे जखमेपाशीच विषाणूला अडवतात, हे पटले. परंतु तीच प्रतिपिंडे जास्त झाल्यास लशीचा परिणाम कमी करतात का, आणि मात्रा वजनावर ठरवण्याचे कारण तेच का? शिवाय एकच प्रतिपिंड विषाणूच्या एकाच जागी चिकटत असेल, तर दोन प्रतिपिंडांचे मिश्रण अधिक भरवशाचे ठरते का?

तिसरी शंका मला अधिक छळते. रिटुक्सिमॅब बी पेशी नष्ट करते, आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी बी पेशींपासूनच तयार होतात. बाबा रोज पहाटे त्याच गल्लीतून फिरायला जातात. उद्या त्यांनाच कुत्रा चावला, तर नुसत्या लशीवर विसंबता येईल का, आणि कर्करोगतज्ज्ञांना हे आत्ताच विचारून ठेवावे का?