आहेर, वाण, वाढदिवस, ओवाळणी : आधीपासून तयारी करून पैसे वाचवता का? आपापले अनुभव सांगा

गेल्या मे महिन्यात आमच्याकडे एकवीस दिवसांत चार लग्नं, एक मुंज आणि एक वास्तुशांत आली. दरवेळी तेच. आदल्या दिवशी ऑफिसातून सुटायचं, रात्री नऊला शटर पडायच्या आत दुकान गाठायचं, समोर दिसेल ते पॅक करून घ्यायचं, भाव करायलाही सवड नाही. शेवटच्या लग्नात मामींना द्यायला 2,200ची साडी घेतली आणि दिल्यावर लक्षात आलं की त्यांनाच दीड वर्षापूर्वी मी तसल्याच मोरपंखी रंगाची साडी दिलेली. त्यांनी काही बोलून नाही दाखवलं पण मला फार वाईट वाटलं. जूनमध्ये हिशोब मांडला तर 23,400 रुपये निघाले, आणि मुलीच्या शाळेची फी क्रेडिट कार्डावर टाकायला लागली. मला द्यायला मनापासून आवडतं, हात आखडता घ्यायचा नाहीये. पण हे असं धावतपळत केलेलं देणं ना खिशाला परवडतं ना समोरच्याला आवडतं. तुमच्यापैकी जे आधी घेऊन ठेवतात त्यांनी कृपया सविस्तर लिहा, काय जमलं आणि काय फसलं दोन्ही.

डोंबिवलीहून :

ताई, आमच्याकडे सासूबाईंची आहेराची वही आहे, 1988 पासूनची. लाल कापडी पुठ्ठ्याची, किराणा दुकानदार वापरतात तशी उभी चोपडी. कोणाच्या घरचं कार्य, त्यांच्याकडून आपल्याला काय आलं, आपण काय दिलं, तीन रकाने. मी आले तेव्हा मला ती वही जरा कोरडी वाटायची, देण्याघेण्याचा काय हिशोब ठेवायचा असं वाटायचं. पण हळूहळू समजलं की सासूबाई ती परतफेडीसाठी नाही तर आठवणीसाठी लिहितात, कोणाला काय दिलं ते आठवलं की तेच परत दिलं जात नाही. मी त्यात चौथा रकाना वाढवला, "बोलताना काय म्हणाली". म्हणजे नणंद एकदा सहज म्हणाली की डब्याला चांगली पिशवीच मिळत नाही, जाऊबाईंना पितळी अडकित्ता हवा होता, धाकट्या दिराला टोपी घातल्याशिवाय बाहेर पडवत नाही. घरी आल्यावर लगेच लिहून ठेवते, नाहीतर विसरतं. मग वर्षभरात कुठेही गेलं की डोळ्याला ती वस्तू आपोआप दिसते. अडकित्ता मला जेजुरीला गेलो तेव्हा मिळाला, 180 रुपयांत, आणि जाऊबाईंनी तो अजून रोज वापरात ठेवलाय. पाचशेची साडी देऊन मी त्यांना इतकं खूश केलं नसतं.

साड्यांचं म्हणाल तर आषाढात घ्या. लग्नसराई संपलेली असते, पाऊस लागलेला, दुकानात गिऱ्हाईक नसतं, सेल लागतात आणि दुकानदार घड्या उलगडून दाखवायला कंटाळत नाही. तीच साडी तुळशीच्या लग्नानंतर घ्यायला जा, भावात फरक पडतोच. आम्ही दोघीतिघी जावा मिळून मंगळदास मार्केटला जातो, दहाबारा नग एकदम घेतले की भावही वेगळा लागतो. फक्त एक सांगते, सिल्कची साडी एकाच घडीवर वर्षभर ठेवू नका, घडीवर चिरते. माझी एक गेली तशी, उलगडून बघितली तर पदरावर सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ. आता दर तीन महिन्यांनी सगळ्या काढते, सावलीत वारं देते, घडी बदलते आणि जुन्या मऊ धोतराच्या कापडात बांधते. डांबरगोळ्या जरीला टेकू देऊ नका.

पुण्याहून :

संक्रांतीच्या वाणाचं सांगते. माझ्याकडे साठेक बायका येतात. आधी मी जानेवारी उजाडल्यावर तुळशीबागेत जायचे, तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि जी वस्तू हवी ती संपलेली. आता दिवाळी झाली की आठवड्याभरात रविवार पेठेत बोहरी आळीत जाते, डझनावर घेते. मागच्या खेपेला स्टीलच्या छोट्या गाळण्या मला 19ला पडल्या, त्याच घराजवळच्या दुकानात 35 होत्या. साठाला 960 रुपये वाचले. रथसप्तमीपर्यंत उरलेल्या सात-आठ नगांचं काही बिघडत नाही, ओटीबरोबर द्यायला होतात.

नागपूरहून :

मी निवृत्त आहे, दोन जावई आहेत. आमच्याकडे अधिक महिन्यात जावयाला अनारसे आणि चांदीची वस्तू द्यायची पद्धत आहे. 2023 मध्ये अधिक श्रावण आला तेव्हा माझी काहीच तयारी नव्हती, पेन्शनच्या एका महिन्यात दोन निरांजनं आणि दोघी मुलींच्या साड्या, जुळवताना जीव मेटाकुटीला आला. हिने सावरून घेतलं, स्वतःची भिशी मोडली. ते मला फार लागलं. धोंड्याचा महिना काही अचानक येत नाही हो, पंचांगात आधीच छापलेला असतो. त्याच दिवशी बघून ठेवलं, पुढचा अधिक ज्येष्ठ, 17 मे ते 15 जून 2026. हातात जवळजवळ तीन वर्षं होती. मग ठरवलं, दर महिन्याला 600 रुपये वेगळे काढायचे, स्टीलच्या एका डब्यात, आणि हजाराच्या आसपास जमले की दहा ग्रॅमचं नाणं घ्यायचं. तेव्हा चांदी किलोला सत्तर-पंच्याहत्तर हजारांच्या घरात होती, दहा ग्रॅमला साडेसातशे आणि वर थोडी मजुरी. 2025च्या दिवाळीआधी हाच भाव दीड लाखावर गेला. तोपर्यंत माझी अठरा नाणी झालेली. भाव वाढला हा नशिबाचा भाग, तो मी कुणाला सांगणार नाही की असाच वाढेल म्हणून, उतरलाही असता. माझा फायदा वेगळा होता. कुठल्याच महिन्यात मला ते ओझं वाटलं नाही आणि हिला परत कशाला हात लावावा लागला नाही.

नाणी मोडून वस्तू करायला गेलात तर घट आणि घडणावळ आधी विचारा, काही सराफ तिथेच बरंच कापतात. आम्ही शेवटी नाणीच द्यायची ठरवली, प्रत्येक जावयाला नऊ. आणि चांदीला रबरबँड लावून ठेवू नका, रबर टेकतं तिथे काळी रेघ उमटते. बटर पेपरात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची, आत खडूचा एक तुकडा.

कोल्हापूरहून :

फसलेलं लिहायला सांगितलंय म्हणून लिहिते. दिवाळीच्या सेलमध्ये मिक्सर घेतला, चांगले बाराशे रुपये कमी लागले, पुढच्या मे मध्ये भाचीच्या लग्नात द्यायचा म्हणून खोक्यासकट माळ्यावर. दिला. भाचीने सासरी तो काढला ऑगस्टमध्ये आणि पहिल्याच वाटणाला मोटर जळाल्याचा वास. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरतात, तिच्याकडे राहिलेले दोनच महिने आणि बिल माझ्याकडे, सापडायला पंधरा दिवस लागले. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी खूप फिरवलं. नव्या घरात त्या पोरीला ते सगळं निस्तरायला लागलं याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून विजेवर चालणारी वस्तू साठवायची नाही, आणि कधी घेतलीच तर घरी आणल्याबरोबर पाच मिनिटं चालवून बघायची, बिल पाकिटात घालून खोक्याच्या आतच चिकटवायचं.

त्याउलट टॉवेल, चादरी, नॅपकिन बिनधास्त घ्या. आम्हाला गांधीनगर जवळ आहे तिथून होलसेलमध्ये आणते, आणि सोलापूरला कोणी जाणार असेल की चादरी सांगते. सुती माल वर्षभर राहिला तरी काही होत नाही, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवायचा.

न्यू जर्सीहून :

आम्ही दोन वर्षांतून एकदा साताऱ्याला जातो आणि लिस्टवर तीसेक माणसं असतात. पहिल्यांदा तिकीट काढल्यावर खरेदीला लागले, एप्रिलमध्ये, सगळं पूर्ण किमतीला, शिवाय चॉकलेटंच चॉकलेटं. मे महिन्यात घरी पोचेपर्यंत सगळ्याचा गोळा झालेला. आता ख्रिसमस झाला की दुसऱ्या दिवसापासून इकडे माल निम्म्या किमतीवर येतो, कधी त्याहून खाली, तेव्हा पोरांची खेळणी, क्रीम, स्वेटर घेऊन एक रिकामी बॅग पलंगाखाली असते तिच्यात टाकत जाते. टाकताना वजनकाट्यावर वजन करून झाकणावरच्या कागदावर लिहिते, कारण तेवीस किलोच्या वर गेलं तर जे वाचवलं ते विमानतळावर भरावं लागतं. लहान मुलांचे कपडे मात्र घेऊच नये आधी. पुतणीसाठी फ्रॉक घेतलेला, सहा महिन्यांनी पोचले तेव्हा तिच्या डोक्यातून जाईना. ती रडायला लागली, तिला तोच हवा होता.

आणि उलटंही करते, इथल्या मुलीच्या शिक्षिकांना, शेजाऱ्यांना द्यायला साताऱ्याहून कंदी पेढे नाही आणता येत टिकायचे, पण खणाच्या छोट्या पाऊच आणते, एक मावशी घरी शिवतात, चाळीस रुपयाला एक. वजन काहीच नाही, डिसेंबरपर्यंत पुरतात, आणि पैसे त्या मावशींच्या हातात जातात.

पुण्याहूनच, एक मामा :

मला पाच भाचरं. पाच वाढदिवस, राखी, भाऊबीज. बँकेत दर नोव्हेंबरला बारा महिन्यांची 1,000ची आरडी उघडतो, ती दिवाळीच्या सुमारास पूर्ण होते, बारा हजार आणि वर थोडं व्याज. त्यातून बहिणींची ओवाळणी. भाचरांना पुस्तकं, प्रदर्शन लागलं की वर्षाची एकदम घेतो, पाचजणांची मिळून वीसेक. प्रत्येकात पेन्सिलीने बारीक लिहून ठेवतो कोणाचं ते, कारण मोठी भाची आता भुताच्या गोष्टी वाचत नाही, ती प्रवासवर्णनं मागते. देताना पेन्सिल खोडून शाईने नाव.

सांगलीहून :

सगळं वाचलं, छान आहे. मला थोडं वेगळं सांगायचंय. माझ्या आत्याच्या पंचाहत्तरीसाठी मी आठ महिने आधी शाल घेतलेली, हिवाळा संपताना, 1,800ची 1,100ला. तिला थंडी फार बाधायची. पंचाहत्तरी मार्गशीर्षात होती, आत्या भाद्रपदात गेली. शाल कपाटात तशीच, टॅगसकट. मी किती दिवस ते कपाटच उघडलं नाही. शेवटी वर्षश्राद्धाला आतेबहिणीला दिली, सांगितलं की ही आत्याची आहे. तिने तिथेच अंगावर घेतली. आता मी घेऊन ठेवते पण म्हाताऱ्या माणसांसाठी घेतलेलं ठेवत नाही. स्वेटर, पायमोजे, गरम पाण्याची पिशवी, जे असेल ते त्याच आठवड्यात नेऊन देते. वाढदिवसाला मग नुसती भेटायला जाते, फुलं घेऊन.

धागा काढणारी :

सांगलीच्या ताई, तुमचं वाचून मी उठून आईला फोन केला. तिच्यासाठी घेतलेले गुडघ्याचे पट्टे दिवाळीला द्यायचे म्हणून ठेवलेले, उद्या सकाळच्या एसटीने घेऊन जातेय. आणि डोंबिवलीच्या ताई, वही आणली, उभीच. पहिल्या पानावर मामींचं नाव लिहिलंय, त्यांच्यापुढे दोन मोरपंखी साड्या, आणि चौथ्या रकान्यात, "पितळेचा खलबत्ता, आईकडचा हरवला". हे त्या लग्नाच्या पंगतीतच म्हणालेल्या माझ्याशेजारी बसून. कोणाला पुण्यात तांबट आळीत सध्या काय भाव आहे माहीत असेल तर सांगा, मध्यम आकाराचा हवाय.