भूतानचे पर्यटन शुल्क: थोडी वेगळी बाजू

भारतीय पर्यटकांकडून दर रात्री १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क घेऊन भूतान स्वतःचेच नुकसान करून घेत आहे, हे काहींचे मत मला पटत नाही. भूतानची जलविद्युत प्रामुख्याने भारतात विकली जाते आणि तिचे मोल रुपयांत मिळते. डॉलर मिळवण्यासाठी त्या देशाला मुख्यतः पर्यटनावरच विसंबावे लागते, आणि तरीही १९७४ पासून त्याने गर्दीपेक्षा मोजक्या पाहुण्यांचाच मार्ग धरला आहे. रविवारी सिंहगडाच्या घाटात तासन्‌तास अडकणाऱ्या आपणा पुणेकरांना तरी या संयमाचे महत्त्व कळायला हवे, असे मला मनापासून वाटते.

माझा आक्षेप निराळा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इतर परदेशी पर्यटकांचे शुल्क ६५ डॉलरवरून एकदम २०० डॉलर केले गेले आणि वर्षभरातच ते १०० डॉलरवर आणावे लागले. कोविडकाळात दोन वर्षांहून अधिक काळ रिकाम्या हाती बसलेल्या वाटाड्यांना, गाडीचालकांना आणि छोट्या हॉटेलमालकांना पुढील हंगामाचा अंदाजच बांधता येऊ नये, ही धरसोड शुल्कापेक्षा अधिक घातक आहे.