मदत हवी आहे: मानवशास्त्रवाले गावात राहून नेमकं काय करतात?

सागर_वाशी | शुक्रवार, रात्री ९:१२
रविवारी सकाळी उत्तर द्यायचंय, म्हणून घाईत लिहितोय. आमच्या गावच्या घराची पुढची खोली एका मुलीला आठ महिने भाड्याने हवी आहे. मानवशास्त्राचा अभ्यास करते म्हणते. वडील विचारतात, हे कसलं शास्त्र? आईला वाटतंय जमिनीची काहीतरी भानगड असणार. नेटवर शोधलं तर एका ठिकाणी कवट्या, दुसरीकडे माकडं, तिसरीकडे लग्नाच्या चालीरीती. यातलं आमच्या घरात काय करणार? हो म्हणू की नाही?

तात्या_नगरकर | ९:२०
हो म्हणा. माझ्या मेव्हण्याची मुलगी हेच शिकली. आता शाळेत समुपदेशक आहे, मुलांच्या परीक्षेच्या भीतीवर काम करते. गावाकडे याची फार गरज आहे.

सागर_वाशी | ९:२३
तात्या, ते मानसशास्त्र. मी मानवशास्त्र विचारतोय.

सायली०७ | ९:३१
युपीएससीला वैकल्पिक विषय आहे, दोन पेपर, प्रत्येकी २५० गुणांचे. अभ्यासक्रम आटोपशीर आहे. पहिल्या पेपरात उत्क्रांती, जनुकं, नातेसंबंध, धर्म. दुसऱ्यात भारत आणि आदिवासी समाज. विज्ञान शाखेच्या मुलांनी जरूर घ्यावा. नोट्स हव्या असतील तर सांगा.

डोंगरवाट | ९:४०
सायली, त्यांना परीक्षा द्यायची नाहीये. सागर, आधी हे सांगा: गाव कुठलं, मुलगी कुठल्या विद्यापीठाची, विषय काय, पत्र आणलंय का? यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही.

सागर_वाशी | ९:४४
गाव रायगड जिल्ह्यात. विद्यापीठाचं पत्र आणलंय म्हणे, मी पाहिलेलं नाही. विषय ‘गावाची आठवण’ असं काहीतरी वडिलांनी सांगितलं. म्हणून तर कळेना. आठवणींचा अभ्यास करायला आठ महिने कशाला?

खोदकाम | ९:५८
कवट्यांचं सांगतो. तीही याच शास्त्राची शाखा, शारीरिक मानवशास्त्र. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. वस्ती सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. लहान मूल गेलं की दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. मोठ्या माणसांची पावलं कापलेली सापडली. दातांची झीज आणि कीड बघून ती माणसं काय खात होती, उपासमार कधी झाली, हे सांगता येतं. हाडं खोटं बोलत नाहीत. मला विचाराल तर खरं मानवशास्त्र हेच.

निशिगंधा | १०:१०
@खोदकाम, ‘खरं’ हे कुणी ठरवलं? शरीर, पुरातत्त्व, भाषा आणि समाज-संस्कृती अशा चार वाटा आहेत. चारही माणसाकडेच जातात. मापांवर फार विसंबू नका. इंग्रजांच्या काळात रिस्ले नावाच्या अधिकाऱ्याने नाकांची मापं घेऊन जातींची उतरंड लावली होती. आपल्या मानवशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांनी बर्लिनला कवट्या मोजूनच पीएचडी केली. त्यांचे मार्गदर्शक वंशश्रेष्ठत्व मानणारे, पण बाईंच्या मापांतून तसं काही निघालं नाही. आणि तेच त्यांनी लिहिलं. पुढे त्याच बाई देशभर फिरून कोण कुणाला काय नात्याने हाक मारतं ते गोळा करत बसल्या. उत्तरेत गावाबाहेर आणि नात्याबाहेर मुलगी देतात, दक्षिणेत मामाशी, मामेभावाशी लग्न चालतं आणि आपण मधे. आपल्याकडे अनेक जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची नाही.

बाराबंदी | १०:१८
आमच्याकडे आत्याचीही करतात. आमच्या थोरल्या भावाची आतेबहीणच आहे बायको.

निशिगंधा | १०:२१
म्हणूनच ‘अनेक जातींत’ लिहिलं. कुठला भाग तुमचा?

बाराबंदी | १०:२२
सोलापूर, अक्कलकोटकडे.

निशिगंधा | १०:२५
मग कर्नाटक शेजारी आहे. हेच तर कर्वेबाई तपासत होत्या!

वकीलमाणूस | १०:३०
नात्यागोत्याचं नंतर बघा. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवून घ्या, आधार कार्डाची प्रत ठेवा, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या. कुणीही असो, कागद पक्का हवा.

सागर_वाशी | १०:३४
कराराचं बघतो. पण माझा प्रश्न तसाच आहे. आठ महिने करणार काय?

डोंगरवाट | १०:५२
राहणार. कामच ते आहे. मालिनोव्स्की नावाचा मानवशास्त्रज्ञ १९१५ ते १९१८ या काळात पापुआ न्यू गिनीकडच्या ट्रोब्रिआंड बेटांवर तंबू ठोकून राहिला, भाषा शिकला. तिथले लोक जिवावर उदार होऊन होड्यांतून दूरच्या बेटांवर जायचे. कशासाठी? शिंपल्यांच्या माळा आणि हातात घालायची कडी यांच्या देवाणघेवाणीसाठी. माळा एका दिशेने फिरायच्या, कडी उलट्या. कायमची कुणाचीच नाहीत. चार दिवसांचा पाहुणा म्हणाला असता, वेडेपणा आहे. राहिल्यावर कळलं की त्यावर माणसाची पत, मैत्री आणि व्यापारही उभा आहे. माणूस सांगतो एक आणि वागतो दुसरं, ते बघायला पेरणी ते काढणी एवढा काळ तरी लागतो.
मी स्वतः मेळघाटात संस्थेचं कुपोषणाचं काम करताना अशा एका संशोधकाबरोबर दोन महिने फिरलोय. तो चुलीपाशी बसून कोण आधी जेवतं, कुणाच्या ताटात काय उरतं एवढंच बघायचा. आमच्या वजनकाट्याला जे दिसलं नव्हतं ते त्याला दिसलं.

तात्या_नगरकर | ११:०१
म्हणजे आदिवासींचा अभ्यास. सागरचं गाव आदिवासी आहे का?

निशिगंधा | ११:०८
तसं नसतं तात्या. केंद्र सरकारचं भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण १९४५ पासून आहे. त्यांनी १९८५ ला सुरू केलेल्या प्रकल्पात देशातल्या ४,६३५ समाजांची नोंद झाली. त्यात तुम्हीही आलात, मीही. कारखाने, दवाखाने, बाजार सगळीकडे ही माणसं काम करतात.

सागर_वाशी | शनिवार, सकाळी ७:४०
आदिवासी गाव नाही. आमचं मूळ गाव जावळी तालुक्यातलं, कोयनेच्या धरणात गेलं. आजोबांना इकडे जमीन दिली. ते सांगायचं राहिलं, इथे सगळ्यांना माहीतच असतं. ती मुलगी जास्त करून आजीशी बोलणार आहे. आजी ८३ वर्षांची.

निशिगंधा | ७:५५
अहो, हेच आधी लिहायला हवं होतं! इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणग्रस्तांची पाहणी केली होती. तो अहवाल डेक्कन कॉलेजने १९६९ ला काढला. घरं उठल्यावर माणसं कुठे गेली, काय मिळालं, काय तुटलं, हे तेव्हा विचारलं गेलं. ‘गावाची आठवण’ त्याच वाटेवरची दिसते. बुडालेल्या गावातली भावकी, देव, जत्रा, शेताशिवारांची नावं नव्या जागी किती टिकली, असं काहीतरी असणार. ती नावं आजीनंतर कोण सांगणार?

बाराबंदी | ८:१०
धरणग्रस्तांवर अहवाल खूप झाले, जमिनी किती जणांना मिळाल्या? माझ्या मावशीचं गाव उजनीत गेलं. कागद भरून नेणारे आले आणि गेले. आजीच्या आठवणी काढून पदवी मिळवणार ती, आजीला काय?

डोंगरवाट | ८:२४
बाराबंदींचा राग रास्त आहे. मेळघाटातही लोक हेच विचारतात. म्हणून सागर, हो म्हणण्याआधी तिच्याकडून चार गोष्टी कबूल करून घ्या. कशासाठी आलेय हे तिने आजीला मराठीत नीट समजावून सांगावं. आजीला नको त्या दिवशी बोलणं नाही आणि आजीने नको म्हटलेली गोष्ट लिहायची नाही. नावं बदलायची की ठेवायची ते आजीने ठरवावं. जे लिहिलं जाईल ते गावात वाचून दाखवावं आणि रेकॉर्डिंगची प्रत घरात राहावी. या क्षेत्रात संमती घ्यावीच लागते, त्यामुळे चांगली विद्यार्थिनी यावर रागावणार नाही. रागावली तर खोली देऊ नका.

वकीलमाणूस | ८:३१
हे सगळं करारात लिहून घ्या.

डोंगरवाट | ८:३३
आजीच्या संमतीचा भाडेकराराशी संबंध नाही. दोन वेगळे कागद करा. भाडं थकलं तरी आजीचा शब्द तिचाच राहिला पाहिजे.

सागर_वाशी | दुपारी १:१५
आत्ता फोनवर बोललो. पत्रावर विद्यापीठाचा शिक्का आहे, मार्गदर्शकांचा नंबरही आहे, संध्याकाळी त्यांना लावतो. जमिनीचं काही नाही हे आईला पटलं. मग आजीला विचारलं, आणि लक्षात आलं की इतके दिवस तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, “इचारू दे की. पर पाण्याखालच्या घरांची नावं म्या येकीकडनं सांगनार, मधी बोलायचं न्हाई.” वडिलांनाही ती नावं माहीत नाहीत. मलाही नाहीत.

निशिगंधा | १:२२
पहिल्या दिवशी तुम्हीही जाऊन बसा. आजींना जात्यावरच्या ओव्या येतात का?

सागर_वाशी | १:३०
विचारलं नाही कधी. उद्या जातोय.