प्रति: अनियमित ठोके म्हणजे हृदयात बिघाडच?
'ठोके अनियमित म्हणजे हृदयात बिघाड' हे सरसकट नाही पटत. कुत्र्याच्या सायनस अरिदमियाबद्दल (श्वासाबरोबर ठोके जलद-संथ होणं, जे धडधाकट कुत्र्यातही दिसतं) या चर्चेत आधी आलंच आहे पण घोडा राहिलाच. धडधाकट घोड्याचे निवांत असताना ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४, आणि त्यात मधेच एखादा चक्क गळतो, कारण व्हेगसचा (हृदय संथ करणाऱ्या नसेचा) जोर इतका असतो की एव्ही नोडमधून (हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधला विद्युत दुवा) सिग्नल खाली उतरतच नाही, ईसीजीत पी वेव्ह (वरच्या कप्प्यांची विद्युत लहर) दिसते पण मागून क्यूआरएस (खालच्या कप्प्यांची लहर) येत नाही. हाच सेकंड डिग्री एव्ही ब्लॉक.

थोडं पळवा, सिम्पथेटिकचा (ठोके वाढवणाऱ्या नसांचा) जोर वाढला की हा ब्लॉक जातो, पळवूनही ठोके गळतच राहिले तर मात्र नीट तपासायलाच हवं. आणि प्लीज, स्टेथोस्कोप पूर्ण मिनिटभर ठेवा, गळलेल्या ठोक्याच्या जागी बारीकसा एस४ (चौथा हृदयध्वनी) बऱ्याचदा ऐकू येतो, म्हणजे एट्रियम (वरचा कप्पा) आकुंचन पावलंय.